गळतीवर रंग हा उपाय नाही

बाथरूमच्या फरशीखालून पाणी झिरपतं, खालच्या घराच्या छताला डाग पडतो, डागाचे पोपडे सुटतात, कोपऱ्यात काळी बुरशी धरते, आणि या सगळ्यावर आपल्या शहरांत एक ठरलेलं मत ऐकू येतं. इमारत जुनी आहे, पाऊस आहे, थोडी ओल असायचीच. वरच्या घरात टाइल्सचे सांधे भरून घ्या, खाली खरडून पुट्टी आणि रंग मारा, फारच वाईट दिसत असेल तर फॉल्स सीलिंग लावा. एवढ्याशा डागासाठी कुणी अख्खं बाथरूम फोडतं का? मुंबई, ठाणे, पुण्याच्या सोसायट्यांमध्ये हे मत इतकं पक्कं बसलं आहे की त्याच्याविरुद्ध बोलणारा माणूस भांडखोर ठरतो. खालच्या मजल्यावरचा रहिवासी तक्रार घेऊन वर गेला की त्यालाच समजूतदारपणाचे धडे मिळतात. दुसऱ्याचं सांडपाणी आपल्या डोक्यावर निमूटपणे झेलणं म्हणजे समजूतदारपणा, हे कुणी ठरवलं? या मताला अनुभवाचं, व्यवहाराचं आणि काटकसरीचं नाव दिलं जातं. यातलं एकही नाव त्याला शोभत नाही, कारण पाणी फरशीखाली काय करतं याचा विचारच त्यात नाही.

पावसाचा मुद्दा आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त वेळा तोच पुढे केला जातो. पावसाची ओल बाहेरच्या भिंतींतून, गच्चीतून, खिडकीच्या चौकटीभोवतीच्या फटींतून येते. ती जूनमध्ये दिसू लागते आणि दिवाळीच्या सुमारास ओसरते. बाथरूमखालचा डाग मात्र एप्रिल-मेमध्येही ओला असतो. मधल्या मजल्यावरच्या, चारही बाजूंनी घराच्या आत असलेल्या छताला पाऊस लागतोच कुठे? कडक उन्हाळ्यात बोट लावल्यावर गार आणि ओलसर लागणारं छत पावसाच्या नावावर खपवणं ही डोळ्यांदेखत केलेली फसवणूक आहे. शिवाय हवामानाचा दाखला द्यायचाच तर तो पूर्ण द्यावा. बुरशीला वाढायला पृष्ठभागाजवळची आर्द्रता साधारण ८० टक्क्यांच्या वर हवी असते, आणि मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या हवेतच ती पातळी कितीतरी दिवस टिकते. म्हणजे भिजलेली भिंत आपल्याकडे त्या महिन्यांत वाळतच नाही. कोरड्या हवेच्या गावात एखादी लहानशी गळती सुकून जात असेल. इथे तिला सुकायला वावच नाही. हवा दमट आहे म्हणून गळती चालवून घ्या, असं म्हणणाऱ्यांना हे कळत नाही का की हवा दमट आहे म्हणूनच ती आपल्याला मुळीच चालवून घेता येत नाही?

आता सांधे भरण्याकडे वळू. या उपायावर लोकांचा विश्वास बसतो याचं कारण फरशीखाली काय आहे ते कधी कुणी पाहिलेलं नसतं. वाड्यांमधली न्हाणी घराच्या मागच्या अंगाला, जमिनीलगत असायची. तिचं पाणी परसात केळीला किंवा अळूला जायचं. पाणी जमिनीत मुरलं तर कुणाचं बिघडत नव्हतं. बहुमजली इमारतीत तीच न्हाणी एकीवर एक अशी रचली गेली आणि प्रत्येक घराची न्हाणी दुसऱ्या कुणाच्या तरी छतावर आली. नळ तिथपर्यंत नेणं आणि सांडपाणी तिथून बाहेर काढणं यासाठी बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतला जातो, अनेक इमारतींत फूटभर तरी. या खोलगट भागाला सगळे सन्क म्हणतात. त्यात तळाशी वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर नहाणी ट्रॅप आणि सांडपाण्याचे पाइप, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा किंवा नुसता भराव, त्यावर मसाला आणि शेवटी आपल्याला दिसणारी टाइल. पाणी अडवण्याचं काम तळाच्या थराचं आहे. टाइल हा चालण्याचा आणि धुण्याचा पृष्ठभाग. ती स्वतः पाणी सोडत नसली तरी तिचे सांधे सिमेंटचे असतात, सिमेंट सच्छिद्र असतं, आणि रोज दोन-चार माणसांच्या आंघोळीचं पाणी त्यातून थोडंथोडं खाली जातच राहतं. त्यात आपल्याकडे टाइल पांढरी दिसावी म्हणून अ‍ॅसिड ओतून घासण्याची सवय. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सिमेंटच खातं, त्यामुळे सांधे भरभर पोकळ होतात, आणि त्यातला क्लोराइड पाण्याबरोबर स्लॅबच्या सळ्यांच्या दिशेने निघतो.

तळाचा थर धड असेल आणि त्याला ट्रॅपकडे किंवा सन्कमधून बाहेर काढलेल्या नळीकडे उतार असेल, तर वरून झिरपलेलं पाणी निघून जातं. तो थर फुटला असेल, पाइप जिथून स्लॅबमधून किंवा भिंतीतून बाहेर पडतो तिथली फट नीट भरलेली नसेल, ट्रॅपचा सांधा सुटला असेल, तर पाणी भरावात साठतं. चार फूट बाय सात फुटांचं बाथरूम आणि फूटभर खोल भराव धरा. त्या भरावात चतुर्थांश पोकळी धरली तरी सुमारे दोनशे लिटर पाणी तिथे मावतं. म्हणजे फरशीखाली एक झाकलेली टाकीच तयार झालेली असते. आता वरून इपॉक्सीने सांधे भरले. काय झालं? वरून येणारं थोडं पाणी थांबलं, हे मान्य. पण आधी साठलेल्या पाण्याला वर येऊन हवेत विरण्याची जी थोडीफार वाट होती तीही बंद झाली. त्याला उरली एकच वाट, खालच्या स्लॅबमधून खालच्या घरात. सांधे भरल्यावर महिनाभर डाग सुकल्यासारखा वाटतो आणि मग पहिल्यापेक्षा मोठा होऊन परततो, तो याच कारणाने. आणि गळती मुळात सांध्यांतून नसून भरावात गाडलेल्या पाइपातून असेल, तर वर कितीही महागाचं केमिकल ओतलं तरी त्या पाइपाला त्याचा पत्ताच लागणार नाही. सेकंदाला एक थेंब ही गळती कुणालाही किरकोळ वाटेल. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर ते दिवसाला चार लिटरपेक्षा जास्त आणि वर्षाला दीड हजार लिटरच्या वर होतं. ते कुठे जातं असं वाटतं?

मूळ न शोधता उपाय सांगणं हा या साऱ्या प्रकारातला सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो अज्ञानातून कमी, घाईतून जास्त येतो. गळतीचे तीन मार्ग वेगळे ओळखता येतात, त्यासाठी कसल्याही यंत्राची गरज नाही. येणाऱ्या पाण्याचा पाइप फुटला असेल तर बाथरूम वापरा किंवा वापरू नका, खाली थेंब पडतच राहतात. घराचा मुख्य वॉल्व्ह रात्रभर बंद ठेवला की ते थांबतात किंवा स्पष्ट कमी होतात. सांडपाण्याचा पाइप किंवा ट्रॅपचा सांधा गेला असेल तर वापरानंतर ओल वाढते आणि घर दोन-चार दिवस बंद असलं की कमी होते. अशा वेळी ट्रॅपमध्ये रंगीत पाणी सोडून खाली रंग उतरतो का ते बघता येतं. फरशीचा थर गेला असेल तर ट्रॅपचं तोंड बंद करून फरशीवर पाणी उभं केल्यावर खालचा डाग पसरतो. भराव आधीच भिजून तुडुंब असेल तर हे फरक पुसट होतात, म्हणून चाचणी एकदाच करून न थांबता काही दिवस अंतर ठेवून पुन्हा करावी लागते. हे सगळं वरच्या आणि खालच्या घराने मिळून आठवड्याभरात होण्यासारखं आहे. तेवढं न करता मिस्त्री येतो आणि दारात उभा राहूनच सांगतो की सांधे भरून देतो, आणि आपण मान डोलावतो. डॉक्टरने नाडीही न बघता औषध दिलं तर आपण चालवून घेतो का?

खालच्या घरातली रंगरंगोटी हा तर याहून वाईट प्रकार, कारण त्यात निदान पाणी अडवण्याचा दावाही नसतो. ओल्या प्लास्टरवर पुट्टी आणि ऑइल पेंट लावला की आतला ओलावा अडकतो, रंगाला फुगे येतात, पाण्याबरोबर आलेले क्षार वर येऊन लोणा धरतो आणि पुढच्या वर्षी तोच खर्च पुन्हा. फॉल्स सीलिंग म्हणजे तर नुकसानीला आडोसा. जिप्सम बोर्डाच्या दोन्ही अंगांना कागद असतो, आणि ओला कागद हे बुरशीचं आवडतं खाद्य आहे. वर गळका स्लॅब, खाली कागदी बोर्ड, मधे बंद आणि अंधारी हवा: बुरशी मुद्दाम वाढवायची असती तरी यापेक्षा चांगली सोय कुणी केली नसती. आणि ते छत एकदा झाकलं गेलं की वर काय चाललं आहे हे वर्षानुवर्षं कुणालाच दिसत नाही.

जे दिसत नाही तेच खरं गंभीर आहे, म्हणून स्लॅबबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे. काँक्रीटमधली सळई गंजत नाही, कारण चांगल्या काँक्रीटचा सामू १२ ते १३ च्या आसपास असतो आणि त्या क्षारधर्मी वातावरणात लोखंडावर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरून हा सामू हळूहळू उतरवतो. क्लोराइड तर तो थर थेट भेदतो. किनाऱ्याजवळच्या शहरांत हवेतच खार आहे, आणि कितीतरी सोसायट्यांत फ्लशसाठी बोअरचं मचूळ पाणी वापरलं जातं. त्याच फ्लशच्या टाकीची किंवा पाइपाची गळती स्लॅबमध्ये मुरत असेल, तर सळईला लागणारं सगळंच एका जागी मिळालं: पाणी, हवा आणि मीठ. स्लॅबच्या खालच्या बाजूला सळईवर किती काँक्रीट असतं? आयएस ४५६ या भारतीय मानकाने सौम्य परिस्थितीसाठी २० मिलिमीटरचं किमान आवरण सांगितलं आहे, आणि जुन्या बांधकामांत अनेकदा तेवढंही सापडत नाही. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा व्यापतं. ती जागा त्याला काँक्रीट फोडूनच मिळते. आधी सळईच्या रेषेत तडा, मग फुगवटा, मग एके दिवशी खाली पडणारा ढलपा. बाथरूमचं किंवा स्वयंपाकघराचं छत उघडं पडून आत तपकिरी, झिजलेल्या सळ्या दिसणं हे आपल्या शहरांत काही नवलाचं राहिलेलं नाही. त्या घराच्या छतावर त्याआधी किती वेळा रंग मारला होता, याची चौकशी कुणी करतं का? ज्या मिस्त्रीने तिथे पुट्टी भरली त्याने एका धोक्याच्या सूचनेवर पांघरूण घातलं होतं.

बुरशीबद्दलचा बेफिकीरपणाही याच मुशीतला. ओल्या कपड्याने पुसा, फिनेल लावा, वाटलं तर ब्लीच मारा, झालं. बुरशी पृष्ठभागावर दिसते तेवढीच नसते. प्लास्टर, पुट्टी, लाकडी चौकट, प्लायवूड अशा सच्छिद्र गोष्टींत तिचे तंतू खोल गेलेले असतात, आणि ओलावा तसाच राहिला तर पुसलेल्या जागी ती पुन्हा येते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला यात सरळ आहे: भिजलेली गोष्ट २४ ते ४८ तासांत वाळवा, म्हणजे सहसा बुरशी धरत नाही, बुरशी आलेल्या पृष्ठभागावर रंग किंवा सीलंट मारू नका, आणि मेलेल्या बुरशीनेही अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून ती नुसती मारून चालत नाही, काढावी लागते. तीच संस्था ब्लीचचा सरसकट वापरही सुचवत नाही. आपल्याकडे तर ब्लीच आणि अ‍ॅसिड एकाच बाथरूममध्ये एकापाठोपाठ वापरणारी घरं आहेत. त्या दोघांच्या मिश्रणातून विषारी क्लोरीन वायू निघतो, हे प्रत्येक घरात ठाऊक असायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. दमट, बुरशीच्या घरांत राहणाऱ्यांमध्ये खोकला, घरघर, श्वसनाचे विकार आणि दम्याचा त्रास जास्त आढळतो, याला पुरेसा पुरावा असल्याचं तिने नोंदवलं. घरात सतत शिंकणारं, रात्री खोकणारं मूल असेल आणि त्याच्या खोलीची भिंत बाथरूमला लागून ओली असेल, तर ती भिंत पुसून त्या मुलाचं काय भलं होणार?

आणि रंग मारण्याच्या सल्ल्याची किंमत काय होऊ शकते, याचं एक उदाहरण जगासमोर आहे. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथे एका गृहसंस्थेच्या फ्लॅटमध्ये राहणारा अव्वाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. त्याच्या वडिलांनी बुरशीची तक्रार २०१७ पासून केली होती आणि तेव्हा त्यांना त्यावर रंग मारायला सांगण्यात आलं होतं. बुरशीला त्या कुटुंबाची राहण्याची पद्धत जबाबदार आहे, असाही समज करून घेण्यात आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूच्या न्यायिक चौकशीने निष्कर्ष काढला की घरातल्या बुरशीच्या दीर्घ संपर्कामुळे झालेला श्वसनाचा विकार मृत्यूला कारण ठरला. २०२३ मध्ये ब्रिटिश संसदेने सामाजिक घरांच्या कायद्यात त्या मुलाच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद केली, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या घरमालक संस्थांना ओल आणि बुरशीच्या तक्रारींवर ठरलेल्या मुदतीत कारवाई करणं बंधनकारक झालं. त्या घरातल्या बुरशीची कारणं आपल्या सन्कमधल्या गळतीपेक्षा वेगळी असतील. तक्रारदाराला मिळालेली उत्तरं मात्र शब्दशः आपली आहेत. तुम्ही खिडकी उघडत नाही, तुम्ही कपडे घरात वाळत घालता, तुम्ही पाणी फार ओतता. पावसाळ्यात कपडे घरात वाळवायचे नाहीत तर कुठे? बाथरूममध्ये पाणी ओतायचं नाही तर कुठे? माणसाच्या साध्या रोजच्या वागण्याने ज्या फरशीतून पाणी गळतं, तिथे दोष फरशीचा आहे, माणसाचा नाही.

याच्या उलट टोकाला घाबरवून माल विकणारेही आहेत. काळी दिसली की विषारी बुरशी, तिचे नमुने तपासा, अमुक यंत्र घ्या. रंगावरून बुरशीची जात कळत नाही, आणि जात कोणतीही असली तरी करायचं तेच असतं: पाणी थांबवा, भिजलेलं काढा, वाळवा. तपासणीवरचा तो खर्च बाथरूमच्या तळाच्या थरावर करावा.

खर्चाचा आक्षेप मात्र नीट ऐकला पाहिजे, कारण त्यामागे खरी अडचण आहे. बाथरूम फोडणं म्हणजे दोन-तीन आठवडे धूळ, आवाज, डेब्रिज, आंघोळीची गैरसोय, आणि मध्यमवर्गीय घराला जाणवणारी रक्कम. ज्या घरात एकच बाथरूम आहे, म्हातारी माणसं आहेत, त्यांचे हाल होतात. हे सगळं खरं. पण या हिशोबात काय धरलं आहे आणि काय वगळलं आहे ते बघा. वरच्या घराने दर दीड-दोन वर्षांनी सांधे भरण्यावर घातलेले पैसे धरलेले नाहीत. खालच्या घराने दरवर्षी रंगावर घातलेले पैसे धरलेले नाहीत. कुजलेली चौकट, फुगलेलं कपाट, ओलाव्याने आलेली वाळवी, शॉर्टसर्किट होणारा दिव्याचा पॉइंट, डॉक्टरचं बिल, आणि शेवटी स्लॅबच्या दुरुस्तीसाठी सगळ्या सभासदांकडून घेतली जाणारी वर्गणी, यातलं काहीच धरलेलं नाही. हे सगळे खर्च होतातच. फक्त ते दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून होतात म्हणून वरच्याला स्वस्त वाटतात. आपली काटकसर शेजाऱ्याच्या पैशाने करणं याला व्यवहार म्हणत नाहीत. गळती लहान असताना आणि कारण नेमकं सापडलं असताना काम लहान राहू शकतं, हेही ध्यानात घ्यावं. सुटलेला एकच सांधा असेल तर फरशीचा एक कोपरा उघडून भागतं. तीच गळती दहा वर्षं झाकून ठेवली की अख्खा स्लॅब खरवडून सळ्या साफ कराव्या लागतात.

मग करायचं कुणी? इथे वरचा म्हणतो सोसायटी, सोसायटी म्हणते तुम्ही आपसात मिटवा, आणि दोघं मिळून म्हणतात बिल्डर. याबाबत संदिग्धता फारशी नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची. घराच्या आतल्या संडास, सिंक वगैरेंच्या गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाने करायचा, आणि ती सदनिका कोणती हे संस्थेने निश्चित करून द्यायचं. म्हणजे गळती शोधण्याचं काम समितीला टाळता येत नाही. तुम्ही आपसात मिटवा असं लिहून पाठवणारी समिती आपलं कर्तव्य झटकते आहे. नव्या इमारतींना २०१६ चा स्थावर संपदा कायदा लागू आहे. त्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष विकासकाच्या नजरेस आणला, तर तो ३० दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकाची आहे; न केल्यास भरपाई मागता येते. तरीही नव्या घरात पहिल्याच पावसाळ्यात डाग दिसला की लोक स्वतःच्या पैशाने रंग मारून मोकळे होतात. तो रंग मारताना आपण आपला पुरावाच पुसून टाकतो. डागाचा तारखेसह फोटो काढून लेखी तक्रार देणं याला किती वेळ लागतो? आणि १५ ते ३० वर्षांच्या इमारतींचं दर पाच वर्षांनी, ३० वर्षांवरच्या इमारतींचं दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करायचं असं उपविधी सांगतात. त्या परीक्षणाला आलेल्या अभियंत्यासमोर फॉल्स सीलिंगने झाकलेलं छत ठेवायचं आणि इमारत सुरक्षित असल्याचा अहवाल घ्यायचा, हे कुणाच्या हिताचं?

शेवटचा युक्तिवाद निराशेचा असतो: फोडूनही पुन्हा गळतं, मग फोडायचं कशाला? फोडून पुन्हा गळतं ते काम अर्धवट झाल्यामुळे. टाइल काढून वरच्या मसाल्यावर एक हात केमिकल मारणं म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. भराव पूर्ण काढून स्लॅब उघडा झाला पाहिजे. सळ्या गंजल्या असतील तर त्या साफ करून, गंजरोधक लावून, पॉलिमर मसाल्याने जागा भरली पाहिजे. पाइप जिथून बाहेर जातात त्या फटी आधी बुजवल्या पाहिजेत, कारण गळती बहुतेक तिथूनच सुरू होते. तळ आणि भिंत जिथे मिळतात तो कोपरा गोलाई देऊन घ्यावा, थर भिंतीवर फूटभर चढवावा, शॉवरच्या भिंतीवर माणसाच्या उंचीइतका. जुने पाइप तसेच ठेवून नवी टाइल लावणं हा शुद्ध वेडेपणा आहे. आणि भराव टाकण्याआधी, भराव टाकल्यावर नव्हे, सन्कमध्ये पाणी भरून किमान ४८ ते ७२ तास उभं ठेवायचं आणि खालच्या घरात जाऊन छत बघायचं. कंत्राटदार या तीन दिवसांसाठी कुरकुर करतो, कारण त्याचे गवंडी बसून राहतात. घरमालक कुरकुर करतो, कारण काम लांबतं. दोघांनी मिळून हे तीन दिवस वाचवले की पुढची वीस वर्षं खालच्या घराची जातात.

समित्यांना आणि घरमालकांना म्हणून एवढंच सांगणं आहे. गळतीच्या तक्रारीवर रंगाचं कोटेशन मंजूर करू नका, सांधे भरण्याचंही करू नका, आधी पाणी कुठून येतं ते लेखी मागा. काम काढलंत तर ते पाऊस संपल्यावर काढा, म्हणजे उघडा स्लॅब वाळेल. पाणी भरून केलेल्या चाचणीवर खालच्या रहिवाशाची सही झाल्याशिवाय भराव टाकू देऊ नका आणि कंत्राटदाराला पुढचे पैसे देऊ नका. ज्याच्या डोक्यावर ते पाणी पडत आलं आहे, काम झालं की नाही हे ठरवण्याचा पहिला हक्क त्याचाच आहे.